पयलो दर्याक

समीक्षाने खडू जिभेला लावून ओला केला आणि उपड्या होडीच्या पोटावर चौथा आकडा लिहिला. सत्तावीस. आधीचे तीन तिने न थांबता लिहिले होते: पंधरा, एकोणीस, तेवीस. वर माडाच्या पानांचे झाप पसरले होते, त्यांच्यावर पाऊस वाजत होता.

"तुका पाठ आसत असे आकडे लिही" एवढंच हुमाने सांगितलं होतं. समीक्षाला पाठ असलेले आकडे म्हणजे दहावीच्या गणितात चार वेळा मिळालेले गुण. बाकीच्या विषयांत ती पहिल्याच फटक्यात सुटली होती. गणित मात्र तिला सोडत नव्हतं.

हुमा बंदरावरची. पाचवीपासून दोघी एका बाकावर होत्या. दहावीत हुमा पुढे गेली, आता सावंतवाडीला बी. एस्सी. करत होती. तिने आकड्यांकडे पाहिलं आणि तिचा चेहरा, मैत्रिणीचे नापासाचे गुण बघताना उजळू नये इतका, उजळला.

"अगो, ही श्रेढी आसा! दर खेपेक चार वाढतत. असा कोण ठरवून पण नापास जावक शकना नाय."

"मगे आता?"

"आता सूत्र. पयलां पद पंधरा, फरक चार. पाचव्या खेपेक किती, काढ."

समीक्षाने खडू चालवला. पाचवी खेप, म्हणून पाच गुणिले चार, वीस. पंधरा अधिक वीस. ती हळूच उठून उभी राहिली.

"पस्तीस! हुमा, पाचव्या खेपेक मी पास!"

"एकतीस," हुमा म्हणाली. "पाचात एक कमी करून गुणूचा. चार वेळाच वाढले ना? पयल्या खेपेक खंय काय वाढलेला?"

"एक कमी कित्याक? पाचवी खेप म्हणजे पाच."

हे दोघींमध्ये मागचे दोन आठवडे चाललं होतं. हुमाने काड्या मांडून पाहिल्या, शिंपले मांडून पाहिले. त्या वजा एकाशी आला की समीक्षाचा गाडा रुतायचा.

तसं पाहिलं तर पस्तीस मिळाले काय नि एकतीस काय. तिच्या बापाने, हरिश्चंद्राने, ओमकारच्या चहाच्या टपरीवर, म्हणजे देवळापेक्षा जास्त साक्षीदारांसमोर, शब्द दिला होता: चार खेपांत दहावी काढलीस तर होडी तुझी, नाहीतर नारळी पौर्णिमेला जितेंद्राची. पर्यटकांना डॉल्फिन दाखवायची होडी हाकायला दहावी लागते, असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. कुठे, ते विचारायची सोय नव्हती. चार खेपा झाल्या. पाचवीला ती जुलैत बसणार होती ती निव्वळ हट्टाने. होडी गेलीच होती. जितेंद्र, तिचा चुलत भाऊ, रोज येऊन होडीला पाय लावून बघायचा. त्याने 'कॅप्टन' असं भरतकाम केलेली पांढरी टोपीही मागवली होती आणि ती सवय व्हावी म्हणून घालून फिरत होता.

आत्ताही तो टोपी घालून झापाखाली आला. मागून हरिश्चंद्र, खाडीत पाग मारून, ओल्या जाळ्याचा बोचका खांद्यावर घेऊन. त्याने जाळं पाण्याच्या कडेला सोडलं आणि पहिला मासा हातात घेतला. तांबोशी होती, चांगली कोपराएवढी. हुमाच्या तोंडाला पाणी सुटलं. हरिश्चंद्राने ती कपाळाला लावून खाडीत सोडून दिली.

"पयलो दर्याक," तो म्हणाला, आणि दुसरा मासा टोपलीत टाकताना मोजणी सुरू केली. "एक."

ही त्याच्या घराण्याची रीत. पहिला दर्याचा, आणि जो आपला नाही तो मोजायचा नाही. बाकीची वाडी हे माशांपुरतं पाळायची. हरिश्चंद्र सगळीकडे पाळायचा. चार भाकऱ्या खाऊन तो तीन खाल्ल्या म्हणायचा, आणि ते खोटं नसायचं. मास्तर घरोघर माणसं मोजत आले तेव्हा त्याने मुलं किती ह्याला उत्तर दिलं, एक. निलेश. समीक्षा तिथेच दारात उभी होती. ती पहिली.

"दोन," हरिश्चंद्र म्हणाला. "तीन."

समीक्षा खडू धरून बघत होती. पाचवा मासा त्याच्या हातात आला.

"चार," तो म्हणाला.

समीक्षाचा हात वर गेला. "थांब, बाबा! ह्यो कितवो?"

"चवथो."

"जाळ्यातून इलो तो कितवो?"

"पाचवो. पण पयलो..." त्याने खाडीकडे हनुवटी उडवली.

समीक्षा होडीकडे वळली. पंधरावर तिने बोट ठेवलं. "ह्यो दर्याक." मग उरलेल्यांवर एकेक बोट. "एक. दोन. तीन." सत्तावीसच्या पुढे मोकळ्या जागेवर बोट आलं. "चार. हुमा, पाचव्याक चारच! एक दर्याक सोडूचो आणि मगे मोजूचा! इतक्याच होता तर आधी सांगूक काय झालेला तुका?"

"मी दोन आठवडे काय भजन करत होतंय?" हुमा म्हणाली.

पण समीक्षा ऐकत नव्हती. ती होडीवरच्या आकड्यांकडे अजून बघत होती, आणि तिच्या भुवया हळूहळू वर जात होत्या.

"बाबा," ती अगदी सावकाश म्हणाली, "मी परीक्षेक कितीदा बसलंय?"

हरिश्चंद्राने बोटांवर काहीतरी केलं. जाळ्याकडे पाहिलं, खाडीकडे पाहिलं, आणि शेवटी, आपल्याच जाळ्यात पाय अडकलेल्या माणसासारखा, म्हणाला,

"तीनदा."

"काका!" जितेंद्र ओरडला. "परीक्षा आसा ती, बांगडो नाय!"

"माझ्या घरात मोजणी एकच," हरिश्चंद्र म्हणाला आणि पुढचा मासा उचलला. "पाच."

जितेंद्राने मग होडीवरचा सगळा मजकूर वाचला, हुमाकडून सूत्र समजून घेतलं आणि शांत झाला. पाचव्या खेपेला एकतीस. सिद्ध झालेलं होतं. तो स्वतः छत्तीस गुणांवर सुटला होता, पण त्या दिवसापासून अख्ख्या देवबाग गावात गणितावर त्याच्याएवढी श्रद्धा कुणाची नव्हती. टपरीवर कुणी विचारलं तर तो टोपी सारखी करून म्हणायचा, "सूत्र आसा. मी कोण बोलणारो?"

इकडे समीक्षाचं निराळंच सुरू झालं. बांध फुटावा तसं तिला दिसायला लागलं. ओमकारच्या टपरीत एकात एक रचलेल्या खुर्च्या: पहिलीची उंची, मग प्रत्येकीची चार बोटं. पन्नास खुर्च्या रचल्या तर छप्पर फुटेल, हे तिने ओमकारला त्याने न विचारताच सांगितलं. आई झाप विणत असली की ही शेजारी बसून शंभरावी ओळ कुठपर्यंत येईल ते सांगायची. आईने दोनदा ऐकून घेतलं, तिसऱ्यांदा झापच तिच्याकडे सरकवला. "मगे इण शंभरावी."

परीक्षेत नाट्यगृहाच्या खुर्च्यांचं गणित आलं. पहिल्या रांगेत वीस, पुढे दर रांगेला दोन जास्त, पंधराव्या रांगेत किती? समीक्षाने उत्तरपत्रिकेच्या कडेला एक छोटा मासा काढला, त्याच्यावर फुली मारली, आणि उरलेल्या चौदांनी गुणलं.

निकालाच्या दिवशी वाडी होडीभोवती जमली, कारण मोबाइलला रेंज यायची ती उपड्या होडीवर चढलं की. समीक्षा वर उभी होती, हात उंच करून. खाली हुमा नखं खात होती. जितेंद्र टोपी घालून आला होता. ओमकारने टपरी बंद करून किटली बरोबर आणली होती.

"एकतीस ना?" जितेंद्राने विचारलं.

समीक्षाने फोन डोळ्यांजवळ नेला. लांब नेला. परत जवळ.

"बासष्ट."

हुमाने जी किंकाळी मारली ती तारकर्लीपर्यंत गेली असावी. ओमकारच्या किटलीतला चहा हरिश्चंद्राच्या पायावर सांडला आणि हरिश्चंद्राला ते कळलं नाही.

"बासष्ट येवचेच नाय," जितेंद्र म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, दुखावलेपण होतं. "सूत्रात बसनत नाय ते."

समीक्षा खाली उतरली. तिने खडू घेतला आणि त्याच्यासाठी होडीवर मांडून दाखवलं, अगदी शांतपणे, एकेक पायरी. बासष्टातून पंधरा गेले, सत्तेचाळीस. सत्तेचाळीसाला चाराने भाग जात नाही.

"तुझा बरोबर आसा, दादा," ती म्हणाली. "बासष्ट ह्या श्रेढीत नायच. कधीच येवचे नाय होते."

जितेंद्राने सत्तेचाळीसाला चाराने स्वतः एकदा भागून पाहिलं. मग त्याने टोपी काढली, आतून फुंकर मारली आणि तिच्या डोक्यावर ठेवली. "तेच्यार 'कॅप्टन' लिवलेला आसा," तो म्हणाला. "माझा नाव नाय." टोपी तिच्या कानांवरून खाली आली.

नारळी पौर्णिमेला दर्या अजून खवळलेलाच होता, पण ऊन होतं. नारळ पाण्यात गेला. होडी सरळ करून किनाऱ्यावर आणली होती, आणि समीक्षा इंजिनाजवळ टोपी मागे सारून बसली होती. वाडीतली माणसं दोन्ही बाजूंना खांदा लावायला उभी होती. पुळणीवर फिरायला आलेल्या एका पाहुण्याने हरिश्चंद्राला विचारलं, मुलगी चालवणार? शिकलीय का?

"दहावी," हरिश्चंद्र म्हणाला. "चार खेपांत काढल्यान."

समीक्षाने मागे वळून पाहिलं आणि मग इंजिनाच्या दोरीकडे लक्ष दिलं.

ओमकार होडीच्या दुसऱ्या बाजूला होता. तो जरा वाकून, आवाज खाली आणून म्हणाला, "हरी, तरी पण. चेडवाक दर्यात धाडतंस? घरात झील आसा मरे."

मुलगा, निलेश, पुळणीवर उभा होता, पाण्यापासून जपून.

"झील दुसरो," हरिश्चंद्र म्हणाला, आणि होडीला खांदा लावला.