कुंकू लागलेला टोप

मित्रांनो, माझ्या उजव्या कानशिलावर कुंकवाचा एक डाग आहे. पुसूनही जात नाही. तो सोडला तर माझ्या अंगावर कुठे चरा नाही, तडा नाही, पोचा नाही. बघणारे म्हणतात, "जुना असून कसा नव्यासारखा ठेवलाय!" ते ऐकलं की माझ्या पट्ट्यांना पीळ पडतो. मी सायकल चालवणाऱ्याच्या डोक्यावरचा टोप आहे, आणि इतकी वर्षं मी अखंड राहिलो हीच माझी लाज आहे.

तुम्हाला हे उलटं वाटेल. म्हणून जन्मापासूनच सांगतो.

पांढऱ्या फेसाचे दाणे साच्यात ओतून, वाफेने फुगवून मला घडवलं. वर निळं कवच, आत मऊ गाद्या, खाली हनुवटीचा पट्टा. माझ्याच साच्यातून निघालेल्या एका भावाला कारखान्यातल्या माणसाने उंचावरून लोखंडावर सोडलं. तो खटकन फुटला. मला वाटलं, आता आमची सगळ्यांची रवानगी भंगारात. पण तो माणूस हसला आणि म्हणाला, "छान फुटला. पास!" तेव्हा मला माझं काम कळलं. आपण फुटायचं, आणि आत जे असेल ते राखायचं.

मल्लेश्वरमच्या एका दुकानात मला प्रतापरावांनी निवडलं. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्यांपासून बंगळूरचं. घरात मराठी, उंबरा ओलांडला की कन्नड. त्यांनी मला बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं.

"हे हेल्मेट चांगलं आहे सर," दुकानदार म्हणाला.

"हेल्मेट काय म्हणतोस? टोप आहे हा, टोप! आमच्या घराण्यात टोप घातल्याशिवाय कुणी घोड्यावर बसलं नाही."

"सरी, बरं सर. मग घोड्याला स्टँड दाखवू का?"

प्रतापराव मिशीत हसले, आणि त्या दिवसापासून मी टोप झालो. फार आवडलं मला ते नाव. याच नावापायी पुढे माझा घात होणार आहे, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

मला आणलं होतं त्यांच्या लेकीसाठी, संयोगितासाठी. ती पीण्या औद्योगिक वसाहतीत उदबत्तीच्या कारखान्यात कामाला होती, आणि तिचं काम होतं नाकाचं. चंदन किती, वाळा किती, केवडा कुठे जड झाला, हे ती काडी न पेटवता सांगायची. मालक म्हणायचे, "मशीन बंद पडलं तर दुसरं आणू. संयोगिता अक्काला सर्दी झाली तर सुट्टीच द्यावी लागेल." तिला स्कूटरचा धूर सोसत नसे, म्हणून ती सायकलने जायची.

आणि तिला मीही सोसत नसे.

"अप्पा, याला वास येतो," पहिल्याच आठवड्यात तिने मला दोन बोटांत उचलून धरलं. "घामाचा, रबराचा, आणि अजून कसला तरी. दिवसभर माझ्या नाकात हाच बसतो. मी चंदन ओळखू की याला?"

"धुऊन घाल."

"आणि फुलं? मल्लिगे कुठे माळू? याच्या खाली चटणी होते फुलांची."

तिच्या आईला, सकवारबाईंना, हे पटलं. रोज सकाळी कोपऱ्यावरच्या फूलवालीकडून हातभर लांबीचा मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा सर त्या घेत आणि लेकीच्या वेणीत माळत. माळताना गुणगुणत:

लेकीच्या माथ्याला
मोगरा माळला
वास पसरला
वाटभर

इतकं गोड गाणं, आणि त्यात मला जागा नव्हती. मग माझं काय झालं? मी हँडलला लटकलो. येताना माझ्यात भाजी यायची. कढीपत्ता, लिंबं, एकदा तर नारळ. मित्रांनो, डोकं राखायला जन्मलेल्याने नारळ राखावा, याहून मोठी थट्टा कोणती? नारळाला कवच असतंच की!

प्रतापराव बघायचे आणि तडकायचे. मोटारसायकलवाल्याला टोपाची सक्ती, मग सायकलवाल्याला का नाही, हा त्यांचा रोजचा सवाल. वर्तमानपत्रांना ते पत्रं धाडत. मग त्यांनी एक अर्ज तयार केला, सायकलवाल्यांना टोपाची सक्ती करणारा कायदा करा असा, आणि सह्या गोळा करायला निघाले. पहिल्यांदा गाठलं ते मल्लाप्पाला. मल्लाप्पा बेळगावकडचा. सायकलच्या मागे चहाची भली मोठी किटली बांधून गल्लीच्या तोंडाशी उभा असतो.

"सही कर मल्लाप्पा. तुझ्याच डोक्यासाठी आहे."

"माझ्या डोक्याला काय झालंय, साहेब?"

"झालं नाही अजून. होऊ नये म्हणून!"

"आता बघा की, डोक्यावर हे टोपलं घालून मी चहा विकाय लागलो, तर गिऱ्हाईक म्हणणार, पोलीस आला. पळून जातील की सगळे!"

गल्ली हसली. संयोगिताही हसली, पण घरी आल्यावर वडिलांना सरळ म्हणाली, "अप्पा, या गावात सायकल चालवतं कोण? दूधवाला, वॉचमन, मल्लाप्पा. तुमचा कायदा पहिल्यांदा त्यांनाच अडवणार. आणि जो मोटार अंगावर घालतो, त्याला कोण विचारणार?"

"फुटतं कुणाचं? मोटारवाल्याचं की सायकलवाल्याचं?"

"फोडतं कोण, ते विचारा ना!"

"मी बाप आहे तुझा, वकील नाही. मला फुटतं ते डोकं दिसतं."

मी हँडलला लटकून दोघांचं ऐकत होतो. लेकीचं ऐकलं की वाटे, खरं आहे. बापाचं ऐकलं की वाटे, हेही खरं आहे. आणि दोघंही खरं बोलत असताना मी मात्र कोथिंबीर वाहत होतो.

तोड काढली सकवारबाईंनी. एका सकाळी त्यांनी मोगऱ्याचा सर वर न माळता मानेजवळ, वेणीच्या गाठीखाली माळला. माझ्या गाद्या काढून रिठ्याच्या पाण्यात धुतल्या, उन्हात वाळवल्या आणि मला लेकीच्या डोक्यावर ठेवून म्हणाल्या, "बघ, टोप वर, फूल खाली. भांडण मिटलं. आता स्वल्प वडिलांचंही ऐक."

संयोगिताने नाक मुरडलं, पण पट्टा लावला.

मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस. झाडांच्या सावलीतून आम्ही उतारावरून सुटायचो. वर मी, खाली मोगरा, मधे तिचं डोकं, आणि त्या डोक्यात शंभर वास. वाटेत ती स्वतःशी बोलायची. "ही बेकरी... ही ओली माती... हे पारिजातक, कंपाउंडच्या आत कुठेतरी." न बघता ओळखायची. तिच्या कपाळाची ऊब मला लागायची आणि वाटायचं, हे राखायला मिळालं, भाग्य आहे. मल्लाप्पा हाक मारायचा, "अक्का, टोपलं शोभतंय बरं का!" ती म्हणायची, "तुलाही आणू का एक?" "आणा की. साखर ठेवीन त्यात!"

मग खंडेनवमी आली.

तुम्हाला ठाऊकच असेल, त्या दिवशी शस्त्रांची आणि अवजारांची पूजा असते. बंगळूरला तर गावभर वाहनांची पूजा. बसला केळीचे खुंट बांधतात, रिक्षांना झेंडूच्या माळा घालतात. प्रत्येक गाडीवरून कोहळा ओवाळून रस्त्यावर आपटतात, आत कुंकू भरलेला, दृष्ट निघावी म्हणून.

प्रतापरावांच्या घरी पाट मांडला. पाटावर पणजोबांची कट्यार, सकवारबाईंची विळी, प्रतापरावांचा जुना पकड-पेचकस. आणि मधोमध मी.

"टोपाचा मान पहिला," प्रतापराव म्हणाले आणि माझ्या कानशिलाला कुंकवाचं बोट लावलं. वर झेंडूचं फूल ठेवलं. मला काय अभिमान वाटला, सांगू! नारळ वाहणाऱ्याला देवाचा मान! वेडाच मी.

सायकल धुऊन दारात उभी होती. तिलाही माळ घातली. चाकाखाली लिंबू ठेवलं. पूजा झालेली गाडी एक फेरी मारून आणायची असते, तेव्हा संयोगिता नवी साडी खोचून तयार झाली आणि सवयीने पाटाकडे वळली.

"अप्पा, टोप घेते हं."

"छे, छे! पाटावर बसलेल्या शस्त्राला आज हात लावायचा नाही. उद्या दसऱ्याला उठेल."

"अहो, फेरी मारायची आहे ना?"

"गल्लीच्या टोकापर्यंत तर जायचं. पाच मिनिटांचं काम. एक दिवस नसला डोक्यावर तर काय होतंय?"

हे कोण म्हणालं, मित्रांनो? ज्यांनी सह्यांसाठी गल्ली पालथी घातली, ते! मला ओरडावंसं वाटलं. अहो, मी शस्त्र नाही! मी कट्यारीचा भाऊ नाही! कट्यार म्यानात शोभते, मी माथ्यावर शोभतो! पण टोपाला तोंड नसतं. झेंडूचं फूल माझ्या डोक्यावर गप्प बसलं होतं, आणि मी त्याच्याखाली.

संयोगिताने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "सरी, तुमचं राहू दे." लिंबू चिरडल्याचा आवाज आला. घंटी वाजली, किणकिण, किणकिण, दूर जात गेली.

मग एक घसरल्याचा आवाज. आणि त्यानंतर दुसरा. त्या दुसऱ्या आवाजासाठी मी जन्मलो होतो.

गल्लीच्या तोंडाशी फुटलेल्या कोहळ्यांचा गर पसरला होता. दृष्ट काढलेल्या गाड्या निघून गेल्या होत्या, गर कुणी झाडला नव्हता. चाक त्यावरून सटकलं, आणि तिचं डोकं मागच्या बाजूने रस्त्याच्या दगडी कडेवर आपटलं. मल्लाप्पाने किटली तशीच सोडली आणि तिला रिक्षात घातलं. दारात येऊन तो ओरडला, "साहेब, चला! अक्का पडली!" प्रतापराव धावले ते अनवाणी. पाटावरचा दिवा तेवढा जळत राहिला.

ती वाचली. टाके पडले, भरून आले. डॉक्टर म्हणाले, नशीब थोर. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मग एका सकाळी सकवारबाई तिच्या वेणीत मोगरा माळू लागल्या, आणि ती म्हणाली, "आई, आज कागदाची फुलं आणलीस का?"

सर ताजा होता. पाणीही निथळत होतं.

वास गेला होता, मित्रांनो. मोगऱ्याचा, मातीचा, बेकरीचा, सगळाच. डॉक्टरांनी सांगितलं, डोक्याला मार लागला की कधी कधी असं होतं. परत येईल, किंवा येणार नाही. कारखान्याने तिला काढलं नाही. पुडे भरायच्या खोलीत बसवलं. पुड्यावर नाव वाचून ती आता सांगते, हे चंदन, हा केवडा. मी डोक्यावर असतो तर सगळं वाचलं असतं, अशी शेखी मी मिरवत नाही. पण आधी मी फुटलो असतो. एवढं तरी नक्की.

काही दिवसांनी प्रतापरावांनी तो अर्ज पुन्हा काढला. आवाज खाली गेलेला. "आता तर कायदा व्हायलाच हवा, संयू. तू सही कर."

"अप्पा, त्या दिवशी कायदा असता तर तुम्ही काय केलं असतं?"

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. खोटं बोलता येईना.

"पूजा मोडली नसती," ते म्हणाले. "दंड भरला असता."

संयोगिता हसली. मला ते हसू बघवेना. "मग असं लिहा. आधी टोप वाटा, मल्लाप्पासारख्यांना फुकट वाटा. रस्ते झाडा. आणि मग ज्याला दंड करायचा त्याला करा. असं लिहिलंत तर सही करते."

प्रतापराव लिहितात आणि खोडतात. अर्ज अजून पुरा झालेला नाही. गल्लीच्या तोंडाशी मल्लाप्पा अजून उघड्या डोक्याने उभा आहे. मोटारी तशाच अंगावर येतात. आणि कुंकवाचा डाग माझ्या कानशिलावर तसाच आहे.

संयोगिता मला आता रोज घालते. कुणाला सांगावं लागत नाही. सकवारबाई मानेजवळ मोगरा माळतात, ओवी सुरू करतात आणि दुसऱ्या ओळीवर थांबतात. तिसरी ओळ त्या घरात आता कुणी म्हणत नाही. घालण्याआधी संयोगिता मला दोन्ही हातांनी उचलते, माझ्या गाद्यांमध्ये नाक खुपसते आणि खोल श्वास घेते. तोच घाम, तेच रबर, आणि अजून कसला तरी, जो तिला सोसत नसे. ती पुन्हा एकदा श्वास घेते. वाट पाहते. मग पट्टा लावते.

अशा वेळी वाटतं, मला जगातली सगळी दुर्गंधी यावी. तिने एकदा तोंड वेडंवाकडं करून मला भिंतीवर फेकावं.

मित्रांनो, कायदा करायचा की नाही, ते मोठ्यांना ठरवू द्या. भांडू द्या. तुमच्याकडे मागणं एवढंच आहे. तुमच्या घरातल्या टोपाला पाटावर बसवू नका, खुंटीला टांगू नका, भाजीला देऊ नका. फूल त्याच्यावर वाहू नका, त्याच्याखाली माळा. सणाच्या दिवशीसुद्धा त्याला डोक्यावर घ्या आणि हनुवटीचा पट्टा आवळा. आणि कधी वेळ आलीच, तर रस्त्यावर खटकन फुटू द्या त्याला. मग घरी येऊन त्याचे तुकडे हातात घ्या, आणि खुशाल म्हणा, "छान फुटला."