फळ्यावरची मदत

वर्षभर आईच्या अकारा, म्हणजे चवळीची भजी, तळायच्या चुलीशेजारी बसून मी मॅट्रिक्सची गणितं घोटली. आणि बोर्डाच्या परीक्षेत आमचे अडेग्बिटे सर खुशाल फळ्यावर उत्तरं लिहीत होते! आमच्याकडे याला मदत म्हणतात.

एका गणिताचं उत्तर सरांनी चौदा लिहिलं. माझं दहा आलं होतं. सर माझ्या बाकापाशी थबकले.

"मोरेनिके, खोड ते. सगळ्यांचं चौदा आणि तुझं एकटीचं दहा दिसलं, तर बोर्डाला संशय येईल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सर, तिथे वजा करायचं होतं. तुम्ही मिळवलंत!"

सरांनी गणित पुन्हा मांडून पाहिलं, चौदा पुसलं आणि दहा लिहिलं. हॉलभर खाडाखोड झाली.

"बघ," सर हसून म्हणाले, "आता तुझ्यावर कुणी संशय घेणार नाही."