नत्थूचा उजवा पाय

खडी गंमत या लोकनाट्यात बाई म्हणून लुगडं नेसून चाळीस वर्षं नाचलेल्या नत्थूला एका गोष्टीचा कधीच पत्ता नव्हता: नाचताना आपण दिसतो कसे? बासष्टाव्या वर्षी विद्यापीठाने त्याला तेही दाखवायचं ठरवलं.

मार्चमध्ये त्याच्या अंगाला बटणं चिकटवून सगळा नाच यंत्रात भरून घेतला होता. पाच विद्यापीठांनी मिळून ही यंत्रं आणलेली, त्यामुळे इथला नाच तिथल्या पोरांना डोळ्यांसमोर दिसे. आज या कामावर पीएचडी करणाऱ्या दीक्षाने त्याला नंदनवन वस्तीतल्या घरून ऑटोने बोलावून घेतलं आणि डोळ्यांवर जाडजूड चष्मा चढवला.

"काका, तुम्ही हो म्हटलं की हाच नाच पक्का. सगळीकडे हाच शिकवतीन. नाही म्हटलं तं पुन्हा नाचावं लागन."

पुन्हा कसलं नाचतो! गुडघा मे महिन्यातच संपावर गेला होता. हो म्हणून मोकळं व्हायचं, असं त्याने ठरवून टाकलं.

चष्म्यात मधोमध एक बाई नाचत होती, आणि ती बाई तोच होता. मागे पुण्यातल्या एका विद्यापीठाची बारा पोरं चाचणी म्हणून तिच्याबरोबर नाचत होती. तिसऱ्या गिरकीनंतर बाई उजव्या पायावर जराशी लचकली. बाराच्या बारा लचकली.

नत्थूने ओळखलं. तो ठुमका नव्हता, मार्चमध्येच दुखू लागलेला गुडघा होता.

"गुरुजी," त्यांतली अश्लेषा नावाची मुलगी चष्म्यातूनच म्हणाली, "ही लचक फार अवघड आहे हो. महिनाभर घोटतोय."

हसावं की रडावं, त्याला कळेना. "अवं पोरी, ते लचक नाही..." म्हणता म्हणता तो थांबला. त्याचं लक्ष बाईच्या मानेकडे गेलं होतं. प्रत्येक टाळीला मान डावीकडे कलत होती, आणि नत्थूचा ढोलकीवाला तर उजवीकडे उभा असायचा. ही मान त्याच्या गुरूची, भैयाजीची. ती नीट कलली नाही म्हणून नत्थूने कितीतरी पोरांच्या पाठीत धपाटे घातले होते.

भैयाजीला उजव्या कानाने ऐकू येत नसे. म्हणून त्याचा ढोलकीवाला डावीकडे उभा राही आणि ताल चुकू नये म्हणून भैयाजी तिकडे कान लावी. हे गावाला ठाऊक होतं, नत्थूलाही. पण या दोन गोष्टींची गाठ त्याच्या डोक्यात आज पहिल्यांदा पडली.

मग आपण शिकलो ते काय? नाच, की बहिरेपण? पाय खोटा म्हटला तर मानही खोटी. आणि मान गेली तर भैयाजीचं उरलं काय? त्याचा एक फोटोसुद्धा कोणाकडे नव्हता.

"काका, हो लिहू का?" दीक्षाने विचारलं.

"लिही. पण पाय वगळून. तो माहा गुडघा हाय," तो म्हणाला. "मान मात्र तशीच ठेवा."

"मान डावीकडेच का, गुरुजी?" अश्लेषाने विचारलं.

"तिकडं ढोलकी हाय."

अश्लेषाने डावीकडे पाहिलं. तिथे कोणीच नव्हतं. तरी तिने मान कलवली.