पाच मंगळवारांचं मीठ

माझ्या डोळ्यांखाली मोहरीएवढ्या दहा-बारा गाठी होत्या. दुखत नव्हत्या, खाजत नव्हत्या. पण कुसगावच्या ज्या हॉटेलात मी वाढायला जाते, तिथल्या एका पाहुणीने माझ्या हातची चपाती परत पाठवली. लागण होईल म्हणे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"मी तुज्यासाटी मीठ वाहाते," माझ्या सासूबाई, कस्तुराबाई म्हणाल्या. आमच्या भाजे गावात ओढ्याकाठच्या देवीचं नाव घेऊन पाण्यात मीठ सोडतात. मीठ विरलं की गाठ विरते. फक्त आपलं मीठ आपण सोडायचं नसतं, दुसऱ्याने सोडायचं. त्यांनी पाच मंगळवार सोडलं.

तिसऱ्या मंगळवारनंतर मी गुपचूप लोणावळ्याच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. "या साध्या गाठी आहेत, कुणाला लागत नाहीत," त्या म्हणाल्या. "काढायच्या तर फक्त दिसण्यासाठी." मशीनच्या सुईने त्यांनी त्या जाळल्या. घरी सांगितलं, फोडणी उडाली. पाचवा मंगळवार येईपर्यंत खपल्या पडून गेल्या होत्या. सासूबाईंनी गावभर सांगितलं, देवी पावली.

पंचाईत पुढे झाली. त्यांच्या पापणीवरची चामखीळ वाढून डोळ्यावर लोंबायला लागली. तांदळातले खडे दिसेनात. डॉक्टरचं नाव काढलं की एकच, "तुजं मिठानं गेलं, माजंबी जाईल."

खरं सांगावं तर त्यांचा विश्वास मोडेल, न सांगावं तर डोळा झाकेल. आणि मिठाने काहीच झालं नाही, हे तरी मी कशावरून म्हणत होते? डोकं चालेना. शेवटी एकदाचं बोलून टाकलं.

"आत्याबाई, मी सुईनं काढल्या."

"ठावं हाये. मलमाची ट्यूब घावली व्हती." त्या तांदूळ निवडत राहिल्या. "उरलेलं मीठ मी डाक्टरनीचा हात हलू नये म्हनून सोडलं. हलला का?"

"न्हाई."

"मग?"

"मग तुमी का जात न्हाई?"

"माजं मीठ कोन सोडनार? सा महिने झालं, मीठ मीठ करतीया मी. तुला कळंना."

मला माझीच लाज वाटली.

मंगळवारी डॉक्टरीणबाईंकडे जायच्या आधी सासूबाईंना रस्त्यावर उभं करून मी ओढ्यात उतरले. चामखीळ विरू दे म्हणू, की सुईवाला हात हलू नये म्हणू? काही सुचेना. मी अख्खी पुडीच पाण्यात उपडी केली.