सत्तरीतल्या लेकराची बाळी

दुष्काळानं विहीर आटली तवा मी आन माझं म्हातारं गाव सोडून बजाजनगरला लेकाकडं, गोकुळकडं आलो. तिथं म्हाताऱ्याचा कान फुटला. पू, ताप, आन कानामागं अशी सूज, की कान पुढं येऊन मान्सं मोजाया लागला! गोकुळनं शहरात, छावणी भागातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

हिमानी डागदरीन मनली, "आजोबा, पू हाडात शिरलाय वाटतं. मेंदूकडं गेला तर जिवावर बेतंल. आत्ताच स्कॅन करू. तेवढी बाळी काढा. सोन्यानं फोटोत रेघा उठत्यात, हाड दिसत नाय."

म्हाताऱ्यानं कान मुठीत धरला. "बाळी नाय निघायची."

त्याच्या आधीची तीन भावंडं पाळन्यातच गेली. मंग सासूबाईनं नवस करून त्याच्या कानात बाळी घातली. उतरली की यम लेकरू नेनार!

"सत्तरीचं लेकरू," मी मनलं. "दात पडले तरी ह्याला भ्या पाळन्यातलं!"

"हास तू. मी मेलो मंग कळंल."

गोकुळ रडकुंडीला आला. "बाबा, ऐका ना!"

म्हाताऱ्यानं मूठ काय सोडली नाय. मंग मी जवळ सरकले. "अहो, बाळी घरातल्या कानात ऱ्हायली मंजी झालं. माझ्या बुगडीचं भोक रिकामंच हाय. यम आला तर बाळी बघून मलाच न्हेईल."

"आन तुला न्हेलं तर?"

"दोन दिसांत हात जोडून आनून घालंल!"

म्हातारं गालात हासलं. सोताच्या हातानं बाळी काढली, माझ्या कानात घातली आन मशीनीत गेलं.

फोटो बघून डागदरीन मनली, "पू हाडातच हाय, मेंदूला लागला नाय. उद्या ऑपरेशन करून काढू."

म्हाताऱ्यानं हळूच इचारलं, "आला व्हता का गं?"

"आला व्हता की. घसा कोरडा, पानी मागत व्हता. मनलं, टँकर परवा येतो, तवर नंबर लाव. पळाला!"

"हसवू नको, कान ठनकतो!"

ऑपरेशनच्या सकाळी बाळी पुढं केली, तर म्हातारं मनलं, "ऱ्हाऊ दे तुलाच. फकस्त दारातून हलू नको."

हलले नाय. पू निघाला, म्हातारं वाचलं. यम परत आला व्हता मनं, पन दवाखान्यापुढं एवढ्या गाड्या, रेडा लावाया जागाच गावली नाय त्याला.