कमळ्याला कुणीतरी धरा

"दया ही मानवाची सर्वांत मोठी शक्ती आहे," असं गोपाळकृष्ण सरांनी खालापूरच्या कबड्डी स्पर्धेचा अंतिम सामना सुरू होण्यापूर्वी माईकवरून जाहीर केलं आणि टाळ्यांसाठी ते थांबले. टाळ्या पडल्या. या शक्तीचा प्रताप खरोखरच दांडगा होता. तिच्याच जोरावर पोशीरचा कमळ्या गेली दोन वर्षं एकाही सामन्यात कुणाच्या हाती लागला नव्हता.

कमळ्याचा डावा हात जन्मापासून कोपराशी संपतो. बाकी गडी धडधाकट. पाय तर असे, की जाणकाराने नुसते बघत राहावं. पण लोक हात बघण्यात गुंतलेले असल्यामुळे पायांकडे कुणाचं लक्ष जात नसे. तो 'कबड्डी कबड्डी' करत समोरच्या अंगणात शिरला की सात दणकट जवान वरातीतल्या घोड्याला वाट द्यावी तसे बाजूला होत. तो एकाला शिवे. शिवलेला इसम पुण्य लागल्यासारखा चेहरा करून बाहेर जाई. गेल्या वर्षी नेरळला एका पोराने सवयीने त्याच्या घोट्याकडे हात नेला होता. त्या पोराची सख्खी मावशी मैदानात उतरली आणि तिने भाच्याच्या कानाखाली वाजवली. पंचांनी मावशीला ताकीद दिली, पण पुष्कळ लांबून.

पोशीरकर खूश होते. कमळ्या सोडून. कारण जिल्ह्याचा संघ निवडणाऱ्या आबाजींनी त्याला पोशीरच्या कपाटातल्या जिंकलेल्या ढालींबद्दल एका शब्दात विचारलं होतं, "मग?"

"मग काय, घ्या की मला जिल्ह्यात," कमळ्या म्हणाला होता.

"तुला कुणी धरीतच नाय, तर तू सुटतोस का नाय हे मला कसं कळायचं? आपल्या जिल्ह्याबाहेरची पोरं तुला बिचारा म्हणायची नायत. पाय ओढून आडवा करतील. धरल्यावर काय करतोस ते एकदा दाखव. खालापूरला येतोय मी. त्यानंतर संघाची निवड बंद."

त्यामुळे सामन्याच्या आधी कमळ्या उसाच्या रसाच्या गाडीवर गेला. तिथे कुंभिवलीचा कप्तान धोंडी रस पीत उभा होता. हायवेला त्याचं पंक्चरचं दुकान आहे. ट्रकचं चाक तो एकटा उचलतो.

"धोंडी, एक काम हाय."

"बोल ना रं. रस घेतोस?"

"रस नको. मला धर."

"आं?"

"आज सामन्यात. पट काढ, कंबर धर, काय पायजे ते कर. पण धर."

धोंडीने ग्लास खाली ठेवला. "कमळ्या, दुसरं काय पण माग रं. तिकडं बघ, खुर्च्यांवर. निळ्या साडीतली सुनिता दिसली? लग्नाचं चाललंय आमचं. तिची आई, मामा, समदे आलेत मला बघाया. आणि मी त्यांच्यासमोर एका... म्हंजे, तुझ्यासारख्याला आपटू?"

"अन् घाबरून मागं सरलास तर चालंल त्यांना?"

"घाबरतोय कोण? मी मोठं मन दाखवतोय."

"तुझ्या मोठ्या मनापायी माझं जिल्ह्याचं तिकीट जातंय रं!"

धोंडी बघतो म्हणाला. आपल्याकडे बघतो म्हणणारा माणूस सहसा दुसरीकडेच बघतो.

सामना सुरू झाला. कमळ्याच्या पहिल्या चढाईला सरांनी माईकवर पुन्हा टाळ्या मागितल्या. कुंभिवलीचे सात गडी अदबीने मागे सरले. धोंडी तर इतका मागे गेला की रेषेबाहेर पाऊल पडून स्वतःच बाद झाला. लोकांनी त्याच्या मनाच्या मोठेपणासाठी टाळ्या वाजवल्या. सुनिताच्या आईने मान डोलावली. आबाजींनी मोबाईल काढला आणि ते हवामान बघू लागले.

दुसऱ्या चढाईला धोंडी परत अंगणात होता. कमळ्या थेट त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. शिवी द्यावी असं त्याच्या तोंडापर्यंत आलं होतं, पण चढाईत तोंड कबड्डीला बांधलेलं. मग ते काम त्याची बहीण पारू हिने रेषेबाहेरून केलं. पारूचा आवाज एक्स्प्रेसवेच्या पलीकडे जातो.

"अगं बाई, ह्या धोंडीच्या हाताला मेंदी लावलीय का काय? शिवत का नाय? साखरपुडा झाला वाटतं!"

मैदान फिदीफिदी हसलं. धोंडीने नको तिकडे पाहिलं. निळ्या साडीतली सुनिता पोट धरून हसत होती.

पुढचं फार लवकर झालं. धोंडीने खाली सूर मारला, दोन्ही घोटे धरले, दुहेरी पट काढला आणि कमळ्या सरळ तोंडावर मातीत आला. वर आणखी दोघे पडले.

 मग एकदम आरडाओरड. "लाज वाटत नाय का रं?" "सोड त्याला!" माईकवर सर कापऱ्या आवाजात म्हणाले, "हा दिव्यांग बांधवावरचा हल्ला आहे! कुंभिवलीने जाहीर माफी मागावी!"

"सर, याला पकड म्हणतात," पंच म्हणाले.

"मला दिसतंय ते!"

कमळ्या ढिगाखालून निघाला. नाकातली माती शिंकरली आणि त्याने धोंडीच्या पाठीवर एक थाप मारली. "झ्याक! आता सुटून दावतो." बाद होऊन बाहेर जाणारा इतका आनंदी माणूस त्या मैदानाने पाहिला नव्हता. त्याला बघून ओरडणाऱ्यांची पंचाईत झाली आणि ते हळूहळू खाली बसले.

पोशीरला गुण मिळाला, कमळ्या परत आत आला. आता कुंभिवलीची भीड चेपली होती. चौघांनी मिळून त्याला घेरलं. धोंडी कमरेला लटकला, दुसरा मांडीला. तिसऱ्याने सवयीप्रमाणे डावं मनगट धरायला हात घातला. तिथे मनगट नव्हतं. तो हवा धरून कमळ्याला घासत खाली पडला आणि चौथा दोघांवर. कमळ्या पालथा झाला, सरपटला, अंगावर दोन माणसं घेऊन कोपरावर पुढे गेला. दम तुटला नाही. उजव्या हाताचं मधलं बोट मध्यरेषेला लागलं. चारही बाद!

आबाजी खुर्चीवर उभे होते. खुर्ची प्लास्टिकची असल्याने ते लगेच उतरले.

पोशीर तो सामना एका गुणाने हरलं. कमळ्या नंतर दोनदा पकडला गेला, एकदा निसटला. दोन वर्षांत पहिल्यांदा ढाल हातची गेली म्हणून गाववाले पारूवर चिडले. आबाजी जाता जाता कमळ्याला म्हणाले, "रविवारी कर्जतला सरावाला ये. बूट आण."

बक्षीस समारंभात गोपाळकृष्ण सर पुन्हा माईकवर आले. एव्हाना दयेऐवजी समता ही मानवाची सर्वांत मोठी शक्ती झाली होती. आज खालापूरच्या मातीत इतिहास घडला, सगळा रायगड कमळ्याकडे बघतोय, पुढच्या पिढ्यांसाठी त्याने आपला संदेश द्यावा, असं म्हणून त्यांनी माईक त्याच्या हातात दिला.  पुढच्या रांगेत कुणीतरी मोबाईल वर धरला.

कमळ्याने एक पाय उचलून घोट्यावरच्या लाल ओरखड्यांकडे पाहिलं, मग गर्दीत सुनिताशेजारी जाऊन बसलेल्या धोंडीला शोधून काढलं.

"धोंडी," तो म्हणाला, "पुढच्या खेपेला नखं तेवढी कापून ये रं."