सुनेच्या हातचा चहा

आमचे हे हट्टी आहेत हे मला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात कळलं. पण हट्ट आणि श्रद्धा एकाच माणसात मुक्कामाला आल्या, की घरच्यांनी कुणापुढे डोकं आपटायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

ह्यांचं नाव सूर्यकांत. दुबईच्या पुढच्या रास अल खैमात टाइल्सच्या कारखान्यात भट्टी सांभाळतात. मुलगा वेदांग इथेच वाढला, आणि दुबईतल्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसात शेजारच्या टेबलावरची शुयान त्याला आवडली. चीनमधल्या छ्वानचौ नावाच्या जुन्या बंदरगावची मुलगी. मला वाटलं होतं, हे घर डोक्यावर घेतील. तर हे म्हणाले, "मशीन चायनाची, माती चायनाची, आता सूनही येऊ दे." झालं, विषय संपला.

लग्नासाठी शुयानचे वडील आले. चेन त्यांचं आडनाव. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. बायको लवकर गेली, मुलीला एकट्यानं वाढवलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि ह्यांना चिनी, पण मोबाइलमधल्या भाषांतरावर दोघांची अशी गट्टी जमली की विचारू नका. ह्यांनी त्यांना इथल्या किल्ल्यातलं म्युझियम दाखवायला नेलं. जुल्फार या इथल्या जुन्या बंदराच्या उत्खननात निघालेली चिनी भांड्यांची खापरं तिथे आहेत. हिरवट झिलईच्या एका तुकड्यापुढे चेन बराच वेळ उभे राहिले आणि मोबाइलमध्ये बोलले. मोबाइल म्हणाला, "हा माझ्या गावाहून जहाजात बसून आला असेल. माझी मुलगी विमानानं आली." ह्यांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. घरी आल्यावर मला म्हणाले, "माणूस सोन्यासारखा आहे गं."

अबू धाबीच्या कोर्टात सह्या झाल्या, दुबईच्या हॉलमध्ये मंगलाष्टकं झाली. उरला होता चेन यांच्याकडचा एकच विधी, तो आमच्या घरीच हॉलमध्ये व्हायचा होता. नवरानवरीनं गुडघे टेकून आधी मुलाच्या आईवडिलांना चहा द्यायचा, मग मुलीच्या वडिलांना.

"जस्ट फाइव्ह मिनिट्स, आई," वेदांग म्हणाला. "शी गिव्ह्ज, यू ड्रिंक, खलास."

चहाचं नाव निघालं आणि मी ह्यांच्याकडे पाहिलं.

त्याचं कारण असं. वेदांग चार वर्षांचा असताना त्याला मेंदूज्वर झाला होता. डॉक्टरांनी हात टेकले होते. तेव्हा ह्यांनी गणपतीला नवस बोलला, की पोरगं उठून बसलं तर आयुष्यात पुन्हा चहाला तोंड लावणार नाही. आणि हा माणूस कसला चहाबाज! भट्टीवरून आला की चपला काढायच्या आधी कप लागायचा. पोरगं उठून बसलं. त्या दिवसापासून ह्यांनी चहा सोडला तो सोडलाच. नवसाची वाच्यता करायची नाही आणि पोराच्या डोक्यावर आपल्या उपकाराचं ओझं ठेवायचं नाही, म्हणून मलाही शपथ घातली. वेदांगला वाटतं, बाबांना ॲसिडिटी आहे.

मी आदल्या दिवशी म्हटलं, "तुमच्या कपात गुळाचं पाणी ओतते. रंग तोच दिसेल."

"त्यांच्या विधीत फसवाफसवी नको," हे म्हणाले. "कप कपाळाला लावीन. तीर्थ लावतो तसा. मान दिला म्हणजे झालं."

चेन यांनी चहा स्वतःच्या हातानं केला. गावाकडून आणलेला, लाल खजुरासारखी फळं घातलेला. शुयान लाल झग्यात गुडघ्यांवर बसली, दोन्ही हातांत कप धरला आणि शिकवून ठेवलेल्या मराठीत म्हणाली, "बाबा, चहा घ्या."

ह्यांनी कप घेतला. कपाळाला लावला. डोळे मिटले. आणि तसाच भरलेला ट्रेमध्ये ठेवून दिला.

शुयान उठेना. तिला वाटलं असेल, अजून व्हायचंय. मी हळूच म्हटलं, "अहो, ओठाला तरी लावा." ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जीभ चावली. वेदांग घाईनं इंग्रजीत म्हणाला, "बाबा हॅज ॲसिडिटी, इट्स ओके," आणि दुसरा कप माझ्यापुढे केला. मी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. चेन यांनी आपला कप प्यायला, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि रडले. मुलीचा बाप रडायचाच, असं आम्ही धरून चाललो.

त्यानंतर त्यांचा मोबाइल खिशातच राहिला. हसायचे, मान लववायचे, पण गप्पा बंद. विमानतळावर मात्र त्यांनी ह्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि मोबाइल पुढे केला. मोबाइल म्हणाला, "मुलगी कामसू आहे. तिचं काही चुकलं असेल तर मला सांगा, तिला नको." ह्यांनी मोठ्यानं हसून त्यांना मिठी मारली. मी मनात म्हटलं, काय नम्र माणूस आहे!

मग वेदांग आणि शुयान दर रविवारी दुबईहून आमच्याकडे यायला लागले. आल्याबरोबर शुयान स्वयंपाकघरात जायची, चहा करायची आणि पहिला कप दोन्ही हातांनी ह्यांच्यापुढे धरायची. "बाबा, चहा घ्या." हे प्रेमानं म्हणायचे, "नको बेटा, ॲसिडिटी." पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मी वैतागायचे. एवढी शिकलेली मुलगी, सासऱ्याला चहा चालत नाही हे लक्षात कसं राहत नाही? एकदा वेदांगला म्हटलंसुद्धा. तो म्हणाला, "लीव्ह इट, आई. शी लाइक्स डुइंग इट." ह्यांना तर त्याचं कौतुकच. "पोरगी किती मायेनं विचारते," म्हणायचे.

ईदच्या सुट्टीच्या आधी छ्वानचौहून फोन आला. चेन झोपेतच गेले. दोघं लगेच निघाले. ह्यांना व्हिसा मिळेपर्यंत तिकडे सगळं आटोपलंही होतं. हे दिवसभर गॅलरीत बसून राहिले.

परत आल्यावरच्या रविवारी शुयान नेहमीसारखी आली. चहा केला. एक कप मला दिला, एक वेदांगला. ह्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला.

मला बरं वाटायला हवं होतं, पण चुकल्यासारखं झालं. मी थट्टेनं म्हटलं, "आज बाबांना विचारलं नाहीस?"

"आता गरज नाही, आई," ती म्हणाली. ती इंग्रजीतच बोलते, मी तुम्हाला मराठीत सांगते आहे. "आमच्याकडे सासऱ्यानं तो चहा घेतला, की मुलगी त्या घरची होते. लग्नात बाबांनी घेतला नाही. माझ्या वडिलांना वाटलं, ॲसिडिटी हे निमित्त आहे, मी बाबांना पसंत नाही. ते दर रविवारी फोनवर एकच विचारायचे, घेतला का? म्हणून मी करत होते."

ह्यांनी पाण्याचा ग्लास बाजूला सारला. "तू काय सांगायचीस त्यांना?"

"मी वडिलांशी कधी खोटं बोलले नाही. अजून नाही, असं सांगायचे."

मग मात्र माझ्यानं राहवेना. खड्ड्यात गेली ती शपथ! मेंदूज्वर, गणपती, नवस, सगळं मी भडाभडा सांगून टाकलं. वेदांग बापाकडे बघतच राहिला. "बाबा, फॉर मी? यू कुड हॅव जस्ट सेड समथिंग!" एवढंच म्हणाला. शुयानचा हात वेदांगच्या मनगटावर गेला आणि तिथेच राहिला.

ह्यांनी चेन यांच्यासाठी नवसाचं एक वाक्य मोबाइलमध्ये बोलायला हवं होतं. चिनी यायची गरज नव्हती. म्युझियममध्ये मडक्याच्या तुकड्यावर अर्धा तास बोलले दोघं, आणि हे एक वाक्य बोलायचं राहिलं. मला ह्यांचा इतका राग आला आणि इतकी कीवही आली, की कुठलं आधी बोलावं ते कळेना.

हे उठले. माझ्यापुढचा कप उचलला. चहा बशीत सांडला. "गणपती बघून घेईल," म्हणाले आणि कप ओठांपाशी नेला.

शुयाननं पुढे होऊन तो दोन्ही हातांनी धरला आणि अलगद खाली घेतला.

"नको, बाबा," ती म्हणाली. "आता प्यायलात, तरी मी सांगू कुणाला?"